९ मिलिमीटरच्या रुळांवर बार्शी लाइट

भारतात मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या बहुतेकांना एक गोष्ट सलत असते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एवढं. १:८७ च्या एचओ स्केलमध्ये तिचे रूळ १९.३ मिलिमीटर अंतरावर हवेत. बाजारात मिळणारे एचओचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजच्या हिशेबाचे. त्यामुळे आपलं डिझेल इंजिन कितीही देखणं केलं तरी समोरून पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. नॅरोगेजवाले, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्या करणारे, या बाबतीत नशीबवान. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, आले ८.७६. एन गेज या आणखी लहान मापाच्या मॉडेलचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही.

सोलापूरच्या माणसाला अडीच फुटी म्हटलं की दुसरं काय आठवणार? बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं उभी केलेली ही लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, पुढं पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली आणि २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं तिची ब्रॉडगेज झाली. कॅलथ्रॉपचा एक हट्ट होता. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च वाचतो. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून आलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाकं होती, म्हणजे दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, प्रत्येक बाजूला चार. वजन वाटून घ्यायला.

आठ जोडचाकांचं इंजिन मी केलं नाही, हे आधीच सांगतो. माझ्या टेबलावरचं वळण २३ सेंटिमीटर त्रिज्येचं आहे, त्यात ते अडकलंच असतं. मी केलं ते चार चाकांचं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं छोटं शंटिंग इंजिन. बार्शी लाइटवर असं कुठल्या नंबरचं इंजिन होतं का, असं विचारू नका. काल्पनिक आहे. फक्त केबिनचं छप्पर, धुराड्याची उंची आणि बफरची ठेवण जुने फोटो बघून त्या वळणाची ठेवली. हुबेहूब प्रतिकृती कपाटात ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण मला इंजिन चालताना बघायचं होतं.

वरचं कवच मी फ्रीकॅड या संगणकावरच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरवर काढलं आणि पुण्यातून रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून मागवलं. भिंती एक मिलिमीटर जाड, एकूण लांबी जेमतेम ६० मिलिमीटर. मोटर कुठं मावणार हे ठरवूनच कवच काढायचं, कारण नंतर रेझिन कोरत बसलं तर तडा जातो. एप्रिलमध्ये ते टेबलावर उन्हात राहू द्यायचं नाही, पातळ भिंती वाकतात.

मोटर म्हणून एन-२० ही छोटी डीसी मोटर घेतली, गिअरबॉक्स काढून नुसती. १२ बाय १० मिलिमीटरची, बॉयलर आणि टाक्यांच्या मधल्या जागेत आडवी बसते. ड्रोनच्या खेळण्यांतल्या कोअरलेस मोटरी याहून बारीक असतात, पण त्या ३.७ व्होल्टच्या आणि भन्नाट वेगाच्या. शंटिंगला काय कामाच्या?

वेगाचा हिशेब आधी मांडला, कारण सगळं त्यावर बेतायचं होतं. खरं इंजिन ताशी २५ किलोमीटरनं जातंय असं धरलं, तर टेबलावर ते सेकंदाला ८ सेंटिमीटर जायला हवं. चाकाचा व्यास ८ मिलिमीटर, म्हणजे परीघ २५. मिनिटाला १९० च्या आसपास फेरे. वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला वर्म आणि त्यात अडकणारं दातांचं चक्र) ३०:१ घेतला की मोटर मिनिटाला साधारण ५,७०० फेऱ्यांवर राहते. १२ व्होल्टची मोटर निम्म्याहून कमी व्होल्टवर एवढं आरामात देते, आणि वर थोडी ताकद शिल्लक राहते. आता गंमत बघा. ०.३ मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप, व्यास भागिले दात) ३० दातांचं चक्र घेतलं तर त्याचाच व्यास ९ मिलिमीटर होतो, चाकापेक्षा मोठा. ते स्लीपरवर घासणार. म्हणून ०.२ मॉड्यूल, व्यास ६. हे दात भिंगाशिवाय दिसतही नाहीत.

मोटरचा शाफ्ट १ मिलिमीटरचा आणि वर्मचं भोक दीडचं. मध्ये पितळेचा बुश, म्हणजे बारीक नळी, हवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचे पार्ट करणाऱ्या एका लेथवाल्याकडं गेलो. त्यांनी वर्म तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, याच्यापेक्षा मोठा तर आमच्याकडं कीस पडतोय की ओ." पण पत्ता त्यांनीच दिला. नवी पेठेत घड्याळं दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडं हातभर लांबीचं छोटं लेथ आहे. मामांनी बुश करून दिला, पैसे घ्यायला नको म्हणाले, आणि चालायला लागलं की आणून दाखव अशी अट घातली.

चेसी म्हणजे पितळेच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ठोकळे. वर्म आणि चक्र यांच्यातलं अंतर मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालायची, मोटर हलकी दाबून स्क्रू आवळायचे, मग कागद ओढून काढायचा. उरते तेवढी फट बरोबर असते. एका दिशेला गुपचूप आणि उलट दिशेला करकर असा आवाज आला तर समजायचं की शाफ्ट मागं-पुढं सरकतोय. बारीक वॉशर टाकला की थांबतो. मोटर मागचा आस फिरवते आणि पुढच्या आसाला जोर जोडदांड्यांनी जातो. त्यामुळे दांडा अडकवायची चाकावरची पिन एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या पिनेशी ९० अंशांत हवी, दोन्ही आसांवर सारखी, नाहीतर दर फेऱ्याला इंजिन लंगडतं. दांड्यांची भोकं केसभर ढिली ठेवली.

इथवर सगळं सोपं होतं. लोक मोटरबद्दल विचारतात, पण एवढ्या छोट्या इंजिनाचा खरा प्रश्न मोटरचा नसतोच. तिला वीज सतत मिळते का, हा असतो. रुळांतून वीज उचलायला चाकं चारच. चेसी ताठ असेल आणि रूळ कागदाच्या जाडीइतका जरी खालीवर असेल, तर इंजिन तीन चाकांवर उभं राहतं. म्हणजे एका बाजूला एकाच चाकावर सगळी भिस्त, आणि त्याच चाकाखाली धुळीचा कण आला की खेळ खल्लास. मोठ्या इंजिनाला वेग आणि जड फ्लायव्हील सांभाळून नेतं. याला दोन्ही नाही.

उपाय तीन केले. पुढचा आस मधोमध एका खिळीवर टेकवून डुलता ठेवला, अर्धा मिलिमीटर वर-खाली होईल एवढाच. आता चारही चाकं रूळ धरतात. दुसरं, वीज उचलणाऱ्या पट्ट्या. मी वापरलेली चाकं एका बाजूला इन्सुलेट केलेली होती. बिनइन्सुलेट बाजूची वीज आसातून थेट पितळी चेसीत येते. दुसऱ्या बाजूला फॉस्फर ब्राँझच्या केसासारख्या तारा चाकाच्या पाठीला टेकवल्या. दाब जास्त झाला तर चाकाला ब्रेक लागतो, कमी झाला तर तार उडत राहते. हे हातानं जमेपर्यंत करायचं, दुसरा मार्ग नाही. तिसरा उपाय सगळ्यांत कामाचा. मागं कायमची जोडलेली एक वाघीण. बार्शी लाइटच्या वाघिणी सुरुवातीपासून बोगीवाल्या होत्या, म्हणजे दोन्ही टोकांना चार चाकांचा वळणारा गाडा, तेव्हा आठ चाकं आयती मिळाली. त्यांच्यावरून दोन मऊ तारा इंजिनात आणल्या. चाराची बारा चाकं झाली आणि इंजिनाचं अडखळणं जवळजवळ बंद झालं. कपॅसिटर बसव असं बरेच जण सुचवतात. डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर, तो छान चालतो, पण साध्या डीसीवर दिशा बदलताना वीजच उलटी होते, तिथं त्याचा उपयोग सरळपणे करता येत नाही.

सोलापुरात आणखी एक शत्रू आहे, कापसाचं तूस. आमच्या घरामागं टॉवेलच्या मागांचं शेड आहे. दार उघडं ठेवून गाडी फिरवली की आसांना सूत गुंडाळलं जातं, चिमट्यानं भिंगाखाली काढावं लागतं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतो. ग्रीस एकदम कमी, कारण ग्रीस दिसलं की तूस तिथंच येऊन बसतं.

वजनाची गोष्ट कॅलथ्रॉपच्या अगदी उलटी. त्याला वजन कमी हवं होतं, मला जास्त. ३० टनांचं इंजिन ८७ पट लहान केलं तर वजन ८७ च्या घनानं घटतं, म्हणजे उरतात सुमारे ४५ ग्रॅम. माझं कवच, चेसी आणि मोटर मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं, आणि हलकं इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहतं. वजन वाढलं की पकड वाढते आणि वीजही नीट उचलली जाते. टाक्यांत शिशाचे छर्रे भरले, अॅराल्डाइटनं घट्ट केले. पांढरा फेव्हिकॉल शिशासोबत वापरू नये. कालांतरानं शिसं फुगतं आणि भिंती फाटतात. केबिनच्या छपराखाली टंगस्टनची पुट्टी, कारण ती जड आणि जागा नखाएवढी. सगळं वजन दोन आसांच्या मधोमध येईल असं बघितलं.

सजावटीत माझा जीव जास्त रमतो, पण तिचं सांगण्यासारखं कमी. कठड्याचे दांडे गिटारच्या सर्वांत बारीक तारेचे, पाव मिलिमीटर जाडीचे. पितळी तार बोट लागल्यावर वाकते, हे वाकत नाहीत. पुढच्या दिव्यात ०४०२ आकाराची एलईडी, एक बाय अर्धा मिलिमीटर. तिला जोडायला एनॅमलची तार पंखे रिवाइंड करणाऱ्या दुकानातून आणली. सोलापुरात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. सोबत रेझिस्टर आणि डायोड, त्यामुळे दिवा इंजिन पुढं जातानाच लागतो.

रंग मात्र दोनदा झाला. मी मॅट काळा दिला होता. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका ओळखीचे आहेत, त्यांना दाखवला.

"एवढं काळंकुट्ट इंजिन कुठं बघितलंस रे?" काका म्हणाले. "राख, तेल, वाफ, धूळ. इंजिन करडं दिसायचं. आणि टाकीच्या तोंडापासून खाली पांढरे ओघळ हवेत. आपल्याकडचं पाणी जड. कितीही पुसा, क्षार राहायचेच."

मग काळ्यात करडा मिसळून वरून हात फिरवला. पांढरे ओघळ बारीक ब्रशनं, जवळजवळ कोरड्या रंगानं काढले. धुराड्याच्या तोंडाला काजळी, पायऱ्यांवर तपकिरी धूळ. कोळशाच्या खणात आधी इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा कुटून टाकून पाहिला, पण तो मेलेला दिसतो. दगडी कोळशाचा चुरा मात्र दिव्याखाली चमकतो. काकांनी भिंग लावून तो बघितला आणि खण एवढा भरलेला ठेवू नकोस, फायरमन शिव्या देईल, खाली सांडतंय, असं सांगितलं. थोडा कमी केला.

नवी पेठेत मामांच्या काउंटरवर अर्धा मीटर रूळ मांडून अट पूर्ण केली. चार व्होल्टवर इंजिन वाघिणीसकट हळू गेलं आणि थांबलं. मामांनी कानाशी धरून उलट-सुलट फिरवलं आणि पुढच्या आसाला घड्याळाचं तेल टाक म्हणाले, सुईच्या टोकावर येईल तेवढंच. तेल त्यांनीच दिलं. ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी खर्चाचं एवढंच: मोटर शे-दीडशे रुपयांत मिळते, पैसे जातात ते चाकांवर आणि वर्म-चक्राच्या जोडीवर, आणि ते परदेशातून मागवायचं तर एकाच खेपेत दोन-तीन इंजिनांपुरतं मागवावं.