धोलपूर हाऊसची वारी: यूपीएससीच्या मुलाखतीला महाराष्ट्रातून दिल्लीला जाताना

यूपीएससीच्या, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या, नागरी सेवा परीक्षेची पूर्व परीक्षा मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, पणजी अशा जवळच्या केंद्रांवर देता येते. मुख्य परीक्षेलाही मुंबई केंद्र आहे. मुलाखतीला मात्र सगळ्या देशाला एकाच इमारतीत जावं लागतं: नवी दिल्ली, शाहजहान रोड, धोलपूर हाऊस. इथे लिहिलंय ते या शेवटच्या टप्प्याच्या प्रवासाबद्दल. तपशील २०२४ च्या परीक्षेच्या हंगामाचे आहेत. तेव्हा ९ डिसेंबर २०२४ ला मुख्य परीक्षेचा निकाल लागला, २,८४५ जणांना बोलावणं आलं आणि ७ जानेवारी ते १७ एप्रिल २०२५ या काळात मुलाखती झाल्या.

गुणांचं गणित आधी पक्कं करून घ्या. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. मुख्य परीक्षेचे निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर २५० गुणांचे, म्हणजे १७५० गुण. त्यात मुलाखतीचे २७५ धरले की २०२५. मुलाखतीत पास होण्यासाठी किमान गुण लागत नाहीत. बोलावणं जागांच्या दुपटीहून जास्त उमेदवारांना येतं, म्हणजे दिल्लीला जाणाऱ्या साधारण तिघांतला एकच यादीत येतो. म्हणूनच अर्ध्या तासाच्या मुलाखतीची एवढी तयारी केलेला उमेदवार कागदात किंवा गाडीच्या वेळेत अडकला की फार वाईट वाटतं, कारण हे अडकणं बहुतेक वेळा घरबसल्या टाळता आलं असतं.

कागदांची तयारी पूर्व परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधीच सुरू करावी, कारण जात, नॉन-क्रीमीलेयर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) या दाखल्यांवरची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतली लागते. मुलाखतीचं पत्र आल्यावर सेतू केंद्रात धावत जाऊन काढलेला नवा दाखला तिथे कामाला येत नाही. महाराष्ट्रातल्या उमेदवारांचा घोळ ठरलेल्या जागी होतो. राज्याच्या भरतीसाठी काढलेला दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगवेगळे असतात, त्यामुळे अर्ज करतानाच ‘केंद्र शासनासाठी’ असं सांगून तो काढावा लागतो. ओबीसीचं नॉन-क्रीमीलेयर तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर ठरतं, ईडब्ल्यूएसचा दाखला एकाच वर्षाच्या उत्पन्नावर. ते वर्ष कोणतं हे त्या वर्षीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. दाखल्यावर दुसरं वर्ष पडलं असेल तर राखीव जागेवरचा दावा जाऊ शकतो. जातीचं नाव केंद्राच्या यादीत आहे का, हेही बघा. कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे. एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाला राज्याने दिलेलं आरक्षण फक्त राज्यापुरतं आहे आणि यूपीएससीत त्याचा उपयोग नाही.

दुसरी अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या कागदांवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर सहसा आडनाव शेवटी असतं. आयोग नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून धरतो, म्हणून अर्जातही तसंच लिहावं. शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. मूळ प्रमाणपत्र कॉलेजात अडकलं असेल किंवा हरवलं असेल तर बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत काढायला वेळ लागतो. ते काम पूर्व परीक्षा झाली की लगेच हातात घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र दोन्ही फाइलमध्ये ठेवावं.

मुलाखतीचं वेळापत्रक आयोग टप्प्याटप्प्याने लावतो आणि ई-समन्स, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, आयोगाच्या साइटवरून उतरवून घ्यायचं असतं. तारीख किंवा सत्र बदलून द्यायची विनंती सहसा मान्य होत नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारीख कळेपर्यंत चांगल्या गाड्या बऱ्याचदा भरलेल्या असतात. तारीख दिसली त्याच दिवशी तिकीट काढा. मुंबईहून राजधानी संध्याकाळी निघून सकाळी दिल्लीत पोहोचते. सीएसएमटीहून सुटणारी राजधानी नाशिक रोड, जळगाव मार्गे जाते, म्हणून नाशिक आणि खानदेशातल्या उमेदवारांना ती सोयीची. पंजाब मेलही नाशिक, जळगाव, भुसावळवरून जाते. पुण्याहून झेलम आणि दुरांतो आहेत, आणि गोव्याहून पुणेमार्गे येणारी गोवा एक्सप्रेस. नागपूरकरांची सोय सगळ्यांत चांगली, दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथूनच जातात.

जानेवारीत धुक्याचा हिशेब धरल्याशिवाय निघू नका. भोपाळपर्यंत वेळेत आलेली गाडी आग्रा-मथुरेच्या पट्ट्यात तासन्‌तास रखडू शकते. विमानाची कथाही निराळी नाही, दिल्लीतली पहाटेची विमानं धुक्यात सर्रास उशिरा सुटतात-उतरतात. म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी जानेवारीत धरू नये, किमान दोन दिवस आधी दिल्लीत असावं. मार्च-एप्रिलच्या तारखेला एक दिवस आधी पोहोचलं तरी चालतं.

परतीचं तिकीट काढताना वैद्यकीय तपासणी लक्षात ठेवा. ती मुलाखतीनंतरच्या पुढच्या कामाच्या दिवशी, दिल्लीतल्याच नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. मुलाखत शुक्रवारी असेल तर सोमवारपर्यंत मुक्काम वाढतो. मुलाखतीच्या रात्रीचं परतीचं तिकीट काढलं तर ते रद्द करावं लागणार, हे गृहीत धरा.

आयोग प्रवासखर्चाला हातभार लावतो, पण तो मेल-एक्सप्रेसच्या स्लीपर वर्गाच्या भाड्यापुरता. तुम्ही राजधानीने गेलात तरी तेवढेच पैसे मिळतात. प्रवासभत्त्याचा फॉर्म दोन प्रतींत भरून न्या आणि तिकिटाची छापील प्रत जोडा. नुसता मोबाइलवरचा मेसेज दाखवून भागत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजनांतून मुलाखतीच्या टप्प्यावर आर्थिक मदत मिळते. त्यांचे अर्ज मुख्य परीक्षेच्या निकालानंतर लगेच निघतात आणि मुदत थोडी असते.

मुक्कामासाठी पहिली चौकशी महाराष्ट्र सदनात करावी. जुनं सदन कोपर्निकस मार्गावर, नवं कस्तुरबा गांधी मार्गावर. दोन्ही इंडिया गेटच्या परिसरात आणि धोलपूर हाऊसपासून रिक्षाने थोड्या अंतरावर. मुलाखतीला येणाऱ्या उमेदवारांची तिथे सोय होते. समन्सची प्रत जोडून लवकर अर्ज करा, कारण अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या काळात खोल्या भरलेल्या असतात. खोली नाही मिळाली तर करोल बाग बरं पडतं. तिथून ब्लू लाइनने मंडी हाऊस, तिथे गाडी बदलून व्हायोलेट लाइनने खान मार्केट, आणि पुढे रिक्षा. आदल्या दिवशी त्याच वेळेला हा रस्ता एकदा करून बघा. नुसतं अंतर पाहून चालत नाही, सकाळच्या साडेआठच्या गर्दीत किती वेळ लागतो ते कळलं पाहिजे.

२६ जानेवारीच्या आसपासची तारीख असेल तर हे फार जपावं लागतं. शाहजहान रोड थेट इंडिया गेटच्या चौकाला मिळतो. संचलनाच्या सरावाच्या दिवशी, विशेषतः २३ तारखेच्या पूर्ण गणवेशातल्या सरावाला, कर्तव्य पथाच्या दोन्ही अंगांचे रस्ते बंद असतात आणि जवळची काही मेट्रो स्टेशनंही काही तास बंद ठेवतात. दिल्ली वाहतूक पोलीस आदल्या दिवशी सूचना काढतात, ती वाचूनच रस्ता ठरवा. तुमचं सत्र सकाळचं असेल तर दक्षिणेकडून, खान मार्केटच्या बाजूने येणं त्या दिवसांत जास्त खात्रीचं.

सकाळच्या सत्राला ९ वाजता, दुपारच्या सत्राला १ वाजता हजर व्हायचं असतं. मोबाइल आत चालत नाही. सोबत कोणी आलं असेल तर फोन त्यांच्याकडे द्या आणि भेटायची जागा व वेळ आधीच ठरवून घ्या. महत्त्वाचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. आत गेल्यावर एका मोठ्या दालनात गोल टेबलांभोवती उमेदवारांना बसवतात. एका टेबलावरचे पाच-सहा जण एकाच मुलाखत मंडळासमोर जाणारे. तिथेच कर्मचारी येऊन मूळ कागद तपासतात. म्हणून फाइल त्यांच्या क्रमाने लावलेली हवी: समन्स, ओळखपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, मग जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, शेवटी प्रवासभत्त्याचे फॉर्म आणि फोटो. लॅमिनेट केलेल्या कागदांपेक्षा पारदर्शक पाकिटांची फाइल बरी, कागद काढून हातात देता येतो. एखादा कागद कमी पडला म्हणून मुलाखत थांबवत नाहीत, पण हमीपत्र लिहून तो नंतर पोहोचवावा लागतो, आणि त्याची रुखरुख घेऊन माणूस आत जातो.

कोणतं मंडळ मिळणार हे अगदी शेवटी कळतं. त्यामुळे ‘अमुक मंडळ कमी गुण देतं’ या चर्चेत आदली रात्र घालवू नका, तुमच्या हातात त्यातलं काहीच नसतं. टेबलावरचा पहिला उमेदवार दहाच्या सुमाराला आत जातो, शेवटच्याला दुपारच्या जेवणाची वेळ होते. दोन-अडीच तास शांत बसण्याची तयारी ठेवा. सकाळी नाश्ता करून निघा, आणि जानेवारीत कोटाच्या आत पातळ स्वेटर घाला. दालनात उबदार असलं तरी फाटकावरच्या रांगेत थंडी बोचते.

आयोगाचे सदस्य मंडळाचे अध्यक्ष असतात आणि सोबत साधारण चार जण. अध्यक्ष सुरुवात करतात, मग प्रत्येकाकडे पाच-सहा मिनिटं जातात. प्रश्नांचा उगम तुम्हीच भरलेल्या सविस्तर अर्जात, म्हणजे डीएएफमध्ये असतो: गाव, जिल्हा, पदवी, नोकरी, छंद, सेवांचा क्रम. जिल्ह्याची तयारी वरवरची चालत नाही. सोलापूरचा उमेदवार ‘उजनी धरण मोठं आहे’ म्हणून थांबला तर प्रश्न तिथूनच वाढतो. एकूण साठा ११७ टीएमसी आणि त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, हे आकडे सांगितले की पुढचा प्रश्न येतो: मग उन्हाळ्यात मृतसाठ्यातलं पाणी कोणासाठी आणि कोणाच्या निर्णयाने सोडावं? ऊस, शहराचं पिण्याचं पाणी आणि खालच्या गावांचा हक्क यांचा मेळ घालणारं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे, त्याची पाच मिनिटं चांगली जातात. ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. अंदाजाने रेटलेल्या उत्तरावर दोन-तीन उपप्रश्न येतात आणि तेवढा वेळ जातो.

मराठीतून मुलाखत देता येते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिलेल्यांना मराठी, हिंदी किंवा इंग्रजी निवडता येते. इंग्रजीतून लिहिलेल्यांनाही, सक्तीच्या भारतीय भाषेच्या पेपरला मराठी घेतली असेल तर, मराठी मागता येते. आत दुभाषी बसलेले असतात. प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत येतो, तुमचं उत्तर ते मंडळाला सांगतात. इथे सराव लागतो तो थांबण्याचा. दोन-तीन छोटी वाक्यं बोला, थांबा, भाषांतर होऊ द्या, मग पुढे. सलग दीड मिनिट बोललात तर दुभाषाकडून मधला मुद्दा गळण्याची शक्यता असते. प्रश्न इंग्रजीत समजला असेल तर भाषांतराची वाट न बघता उत्तर सुरू करा, वेळ वाचतो. तांत्रिक शब्द रूढ असेल तसाच ठेवा. ‘फिस्कल डेफिसिट’ला अडखळत मराठी प्रतिशब्द शोधायची गरज नाही. मॉक मुलाखतींपैकी एखादी तरी दुभाषी बसवून करा.

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी. रिकाम्या पोटी सकाळी पोहोचावं, पण रक्त दिल्यावर खायला पिशवीत काहीतरी हवं, कारण एक्स-रे, डोळे, कान, वजन-उंची अशा वेगवेगळ्या खोल्यांत अख्खा दिवस जातो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा आणि त्याचा नंबर लिहिलेला कागद सोबत ठेवावा. आयपीएसला सर्वसाधारण पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटर आणि महिलांना १५० सेंटिमीटर उंची लागते. बीएमआय ३० च्या वर गेला तर ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा बसतो. तो कायमचा नसतो, ठरलेल्या मुदतीत अपील करून फेरतपासणी मागता येते. पण त्यासाठी निकाल साइटवर लागल्याबरोबर बघायला हवा, घरी पत्र येण्याची वाट बघू नका.

आणि दिल्लीत असताना पुढच्या वर्षाचा अर्ज विसरू नका. २०२५ च्या परीक्षेची जाहिरात २२ जानेवारी २०२५ ला, म्हणजे मुलाखती ऐन भरात असताना आली, आणि २०२४ चा अंतिम निकाल लागला २२ एप्रिलला. निकालाची वाट बघत अर्ज सोडून दिला असता तर २५ मे ची पूर्व परीक्षा हातची गेली असती. फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तीही नाही. नवा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या तारखांना चालणारे दाखले हातात आहेत का, एवढं मात्र पुन्हा तपासा.