न्हाणीघर जुन्या वळणाचं, परवानगी सोसायटीची : माझा अनुभव

पुण्यातल्या जुन्या सोसायटीत फ्लॅट असेल आणि न्हाणीघर जुन्या वळणाचं करायचं मनात असेल, तर टाइल्स बघायला जाण्याआधी सोसायटीकडे लेखी अर्ज करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही मिळाल्याशिवाय तिथून उठू नका. नळ कुठे मिळतात, घंगाळ कुणी करून दिलं हे सगळे विचारतात, म्हणून तेही सांगणार आहे. पण माझा जीव मेटाकुटीला आला तो परवानगीपायी.

मला हवी होती नक्षीच्या सिमेंट टाइल्सची जमीन, अर्ध्या उंचीपर्यंत चार बाय चार इंचांच्या साध्या पांढऱ्या टाइल्स, पितळी नळ आणि कडप्प्याच्या ओट्यावर बेसिन म्हणून तांब्याचं घंगाळ. आमची इमारत सत्तरच्या दशकातली. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करणं भाग होतं, म्हणून परवानगी.

अर्ज नकाशासकट दिला. सेक्रेटरीकाका म्हणाले, "बैठकीत ठेवतो." बैठक गणपूर्तीअभावी झालीच नाही. पुढची झाली, तेव्हा तोंडी निरोप आला की आधी खालच्या मजल्याची संमती आणा. खालच्या काकूंनी चहा पाजून सही दिली; उलट म्हणाल्या, "अगं, करच तू. माझ्या छताचे पोपडे तरी थांबतील." ती सही घेऊन गेले, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हवं. ते आणलं, तर महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर आहे का? तो दाखवला, तर अध्यक्ष गावाला. प्रत्येक अट आधीची पुरी झाल्यावरच कळायची. सगळ्या अटी पहिल्याच दिवशी एका कागदावर दिल्या असत्या तर मी आनंदाने पुऱ्या केल्या असत्या, कारण त्यातली एकही अट चुकीची नव्हती. खाली गळती झाली तर त्रास काकूंनाच होणार, हे मलाही कळतं. पण माणसाला असं एकेका कागदासाठी जिने चढायला लावणं हा अन्याय आहे आणि तो मी अजून विसरलेले नाही.

सगळ्यात वादाचा मुद्दा निघाला वजनाचा. "जुनं म्हणजे जड. दगड, तांबं, त्यात पाणी," असं समितीतल्या एकांनी काढलं. इंजिनिअरच्या पत्रात सरळ लिहिलं होतं की काढला जाणारा कोबा नव्या भरावापेक्षा जड आहे, म्हणजे स्लॅबवरचा भार कमीच होणार. ते वाक्य मी अधोरेखित करून दिलं. तरी "बघू".

तोवर ऑर्डरच्या टाइल्स येऊन बाहेरच्या खोलीत रचलेल्या होत्या आणि आमचा मिस्त्री दुसरं काम धरून मोकळा झाला होता. चांगला मिस्त्री हातचा जाणं म्हणजे काय, ते घर केलेल्यांनाच कळेल.

शेवटी मी सोसायटीचे उपविधी, म्हणजे कारभाराचे नियम, मागवून नीट वाचले. आदर्श उपविधींप्रमाणे संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी घरातली गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते आणि समितीची बैठक महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी. या दोन्ही तरतुदींचा उल्लेख करून दुसरा अर्ज दिला आणि विनंती केली की नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. त्यानंतर पत्र आलं. दीड ओळीची परवानगी, खाली कामाच्या वेळा, राडारोडा रोजच्या रोज हलवायची अट आणि डिपॉझिटची रक्कम. वाचताना खरंच डोळ्यांत पाणी आलं.

काम पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एकच पाहा : वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं, तेव्हा काकूंना रोज छत बघायला सांगितलं होतं. निदान दोन दिवस पाणी राहू द्या, मिस्त्री कितीही घाई करो.

आता जमिनीच्या सिमेंट टाइल्स. स्वदेशीच्या भरात 1922 मध्ये फिरोजशहा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स ही कंपनी सुरू केली, त्या जातीच्या या टाइल्स. भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यातल्या खणांत रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण हाताने ओततात, साचा उचलतात, मागे सिमेंट-वाळू भरून दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. म्हणून रंग वर चढवलेला नसतो, वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या थरातच असतो. जाडी पाऊण इंचाच्या आसपास. नेहमीच्या टाइलच्या दुप्पट धरा आणि मिस्त्रीला पातळी ठरवण्याआधीच सांगा, नाहीतर बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा वर येईल.

या टाइल्स पाणी पितात. सांधे भरण्याआधी सीलरचा, म्हणजे पाणी मुरू न देणाऱ्या द्रवाचा, एक हात द्यायचा, नंतर पुन्हा एक. नाहीतर सांध्याचा रंग नक्षीत उतरतो. आणि ॲसिड घरात येऊच देऊ नका. काम संपल्यावर मिस्त्री सवयीने ॲसिडने धुतात, त्यात सिमेंट खाल्लं जातं आणि नक्षी कायमची फिकी पडते. मी बाटली आधीच परत पाठवली होती.

घंगाळ कसब्यातल्या तांबट आळीत करून घेतलं. मठारलेलं आहे, हातोडीचा एकेक ठोका बोटाला लागतो. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की प्रत्येक ठोक्यात वेगळा उजेड दिसतो. वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाला पाणी वाहून जायला बसवतात तो भाग, सोबत न्या, भोक त्याच मापाने पाडून मिळतं. तांबं काळवंडणारच. चिंच-मीठ लावून घासलं की उजळतं.

नळ जुन्या बाजारातले. उचलून वजन बघा, स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, पूर्ण फिरतो का बघा, आटे अर्ध्या इंचाचे आहेत का बघा. आतली सीट, म्हणजे वायसर जिच्यावर टेकतो ती कड, झिजलेली असली तर वायसर कितीही बदला, नळ ठिबकणारच. प्लंबरकडून सीट आधी घासून घ्या.

हो, आणि डिपॉझिट चेकने द्या, पावती घ्या. माझं डिपॉझिट अजून परत आलेलं नाही. त्याचा अर्जही मी आवक शिक्का घेऊनच दिला आहे आणि उत्तर येईपर्यंत दर बैठकीआधी एक स्मरणपत्र देणार आहे.