युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्कवर वेळ मिळवताना: माझा अनुभव

युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्क, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ‘ईव्हीएन’, या एकमेकींपासून खूप दूरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यावर निरीक्षणासाठी वेळ मागायला वशिला लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. जगातल्या कुठल्याही संशोधकाने अर्ज करावा, त्याची संस्था सदस्य देशातली आहे का हे कुणी विचारत नाही. पुण्यात बसून मी अर्ज केला आणि वेळ मिळाला. तरीही अर्ज लिहिण्याआधी मला कुणीतरी दोन-चार गोष्टी सांगायला हव्या होत्या असं वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी गरज का पडली ते सांगते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटात मला एका बटू दीर्घिकेच्या मधोमध दीड मिलीजान्स्कीचा (जान्स्की म्हणजे रेडिओ तेज मोजायचं एकक) एक ठिपका दिसत होता. जीएमआरटीच्या 30 डिशपैकी सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर साधारण 25 किलोमीटर, त्यामुळे 1.4 गिगाहर्ट्झला तिची नजर सुमारे दोन आर्कसेकंदांपर्यंत पोचते (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग). माझी दीर्घिका 33 कोटी प्रकाशवर्षं दूर. एवढ्या लांबवर दोन आर्कसेकंद म्हणजे तीनेक हजार प्रकाशवर्षं! त्या ठिपक्यात कृष्णविवर असू शकतं, नाहीतर ताऱ्यांच्या जन्म-मृत्यूचा नुसता गोतावळा असू शकतो. जीएमआरटीला यातला फरक कळणं शक्यच नाही. त्यासाठी हजारो किलोमीटर अंतरावरच्या दुर्बिणी एकत्र जोडाव्या लागतात. ईव्हीएनमध्ये अशा दुर्बिणी आहेत: जर्मनीतली 100 मीटरची एफेल्सबर्ग, इंग्लंडमधली 76 मीटरची लव्हेल, इटली, स्पेन, पोलंड, स्वीडनच्या डिश, शिवाय शांघायची तियानमा आणि दक्षिण आफ्रिकेतली हार्टेबीस्टहुक. 18 सेंटीमीटरच्या तरंगलांबीला या सगळ्या मिळून पाच मिलीआर्कसेकंदांपर्यंत, म्हणजे आर्कसेकंदाच्या पाच हजारांशांपर्यंत, पोचतात. माझ्या दीर्घिकेत तेवढं अंतर म्हणजे आठेक प्रकाशवर्षं.

अर्जाच्या मुदती वर्षातून तीन: 1 फेब्रुवारी, 1 जून, 1 ऑक्टोबर. वेळ जागतिक घड्याळाने 16:00, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. अर्ज ‘नॉर्थस्टार’ नावाच्या ऑनलाइन साधनातून भरायचा. शास्त्रीय समर्थनाला दोन पानं, आकृत्या वगैरेंसाठी आणखी दोन. दोन पानं कमी वाटतात, पण लिहायला बसल्यावर कळतं की मुद्दा पक्का असेल तर दीड पानातच संपतो.

माझा पहिला मसुदा छान होता, असं माझं मत. बटू दीर्घिकांमधली कृष्णविवरं का महत्त्वाची, विश्वाच्या सुरुवातीच्या काळाशी त्यांचं नातं काय, सगळं आलं होतं. आमच्या सरांनी तो वाचला आणि विचारलं, “अगं, हे ठीक आहे. पण दिसलं नाही तर?”

मी म्हटलं, “दिसेल, सर.”

“ते तुला वाटतंय. कमिटीला काय सांगशील?”

सगळा अर्ज या एका प्रश्नाभोवती पुन्हा उभा केला. वेळ वाटणाऱ्या समितीसमोर उपलब्ध वेळेच्या कितीतरी जास्त मागणी असते. ‘बघू या, काही मिळतंय का’ अशा अर्जाला तिथे कोण विचारतो? दिसलं तर हे कळेल, नाही दिसलं तर ते कळेल, आणि दोन्हींमुळे विषय पुढे सरकेल, असं आकड्यांत दाखवावं लागतं.

आकडे असे. सहा तासांत प्रतिमेतला नॉइज, म्हणजे नकोशी खरखर, 20 मायक्रोजान्स्कीपर्यंत खाली येईल असं ईव्हीएनच्या कॅलक्युलेटरवरून, जरा हात राखूनच, धरलं. त्याच्या पाचपट म्हणजे 100 मायक्रोजान्स्कीचा (0.1 मिलीजान्स्की) स्रोत खात्रीने ओळखता येईल. पाच मिलीआर्कसेकंदांच्या बीममध्ये, म्हणजे जाळ्याला दिसणाऱ्या सगळ्यात बारीक ठिपक्यात, एवढा प्रवाह मावला तर त्याचं ब्राइटनेस टेंपरेचर (तेवढ्या तेजाशी जुळणारं तापमान) 18 लाख केल्विनच्या आसपास येतं. नुसत्या ताऱ्यांच्या जन्मातून येणारं रेडिओ उत्सर्जन साधारण एक लाख केल्विनच्या वर जात नाही. म्हणजे अगदी काठावर दिसला तरी ताऱ्यांचा पर्याय मागे पडतो. आणि नाहीच दिसला तर? तर दीड मिलीजान्स्कीपैकी सात टक्क्यांहूनही कमी भाग आटोपशीर जागेत आहे, बाकी सगळा पसरलेला. मग या दीर्घिकेला कृष्णविवरवाल्यांच्या यादीत ठेवायला रेडिओचा आधार उरत नाही. हेही छापण्याजोगंच.

एक पळवाट बंद करायची राहिली होती. तरुण सुपरनोव्हाही एवढा तप्त दिसू शकतो. त्यावर उत्तर जुन्या आकाशनकाशात सापडलं: 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘फर्स्ट’ या रेडिओ सर्वेक्षणातही हाच ठिपका, जवळपास तेवढाच तेजस्वी. सुपरनोव्हा असता तर इतक्या वर्षांत चांगलाच मंदावला असता. ही एक ओळ अर्जात घातली आणि मलाच हायसं वाटलं.

तांत्रिक भाग लोक घाईत उरकतात, तसं करू नये. माझा स्रोत इतका फिका की दुर्बिणींची घड्याळं आणि वरचं वातावरण जुळवून घ्यायला त्याचा स्वतःचा उपयोग शून्य. त्यामुळे आकाशात शेजारी दिसणारा एखादा ठसठशीत क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र) धरून दर काही मिनिटांनी त्याच्याकडे वळायचं, परत स्रोताकडे यायचं, असं सतत करावं लागतं. हा फेज कॅलिब्रेटर शक्यतो दोन अंशांच्या आत हवा. मला सगळ्यात जवळचा एक सापडला होता, पण कॅलिब्रेटरच्या यादीत त्याचे लांबच्या बेसलाइनवरचे (बेसलाइन म्हणजे दोन डिशमधलं अंतर) आकडे बघितले तर ताकद निम्म्याहून कमी. म्हणजे तो स्वतःच पसरट, शांघायच्या डिशला त्याचा काय उपयोग! थोडा दूरचा, पण सगळीकडे सारखा तेजस्वी असलेला दुसरा घेतला. शिवाय लव्हेल अवाढव्य, तिला सारखं इकडून तिकडे वळवता येत नाही. तिच्यासाठी कॅलिब्रेटरची पाळी एकाआड एक ठेवायची, हेही अर्जात लिहून टाकलं.

वेळ कुठली मागायची याचंही गणित असतं. माझा स्रोत शांघायला मावळतो त्या सुमारास जर्मनीत डोक्यावर येतो. आफ्रिकेतून तो उत्तरेला खाली, थोडेच तास दिसतो. तिन्हीकडून एकदम दिसण्याची खिडकी जेमतेम सहा तासांची. ती नेमकी नक्षत्रकालात, म्हणजे ताऱ्यांच्या घड्याळाने, लिहून दिली, कारण ‘सहा तास द्या’ एवढंच लिहिलं तर नको ते सहा तास पदरात पडायचे.

मग वाट बघणं. मुदतीनंतर महिना-दीड महिन्याने समिती बसते आणि परीक्षकांच्या टिपणांसकट पत्र येतं. मी 18 आणि 6 सेंटीमीटर दोन्ही मागितले होते. मिळाले फक्त 18 चे तास. आधी स्रोत दाखवा, मग 6 सेंटीमीटरसाठी पुन्हा या, असा सूर. थोडं लागलं, पण म्हणणं रास्त होतं. निरीक्षणाला एक कोड मिळतो: ई, पुढे आपल्या आडनावाचं आद्याक्षर, मग आकडे. तो कोड मी उगाचच दोन-तीनदा वाचला.

वेळ मिळाली की वेळापत्रकाची फाइल आपणच बनवायची असते. कुठली डिश कुठल्या क्षणी कुठे बघणार, सगळं सेकंदावर. नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावी ‘जाइव्ह’ संस्थेत सगळ्या दुर्बिणींचे सिग्नल एकत्र गुणले जातात, आणि तिथला एक शास्त्रज्ञ तुमच्या प्रयोगासाठी नेमलेला असतो. त्याला बिनधास्त प्रश्न विचारावेत, ते त्याचं कामच आहे. माझ्या फाइलमधली कॅलिब्रेटरची अदलाबदल त्याने घासूनपुसून बघितली. निरीक्षणाच्या रात्री मात्र आपल्याला करण्यासारखं काही नसतं. दुर्बिणी आपल्या आपण चालतात, आपण घरी जेवून झोपायचं.

सिग्नल गुणून झाले की डेटा आपल्या हाती येतो आणि वर्षभर तो फक्त आपला, नंतर सगळ्यांना खुला. तेवढं वर्ष पुरतं, पण पुरवावं लागतं.

ठिपका दिसला. आटोपशीर, अर्ध्या मिलीजान्स्कीचा. म्हणजे एक तृतीयांश हाती लागला, उरलेले दोन तृतीयांश लांबच्या बेसलाइननी गाळून टाकले. ते कुठे पसरलेत ते बघायला मधल्या लांबीच्या बेसलाइन हव्यात, त्या इंग्लंडच्या ई-मर्लिन या दुर्बिणींच्या जाळ्याकडे आहेत. ईव्हीएनच्या अर्जातच ई-मर्लिनही मागता येतं. येत्या मुदतीला 6 सेंटीमीटर आणि ई-मर्लिन असा एकत्र अर्ज टाकतेय. मसुदा सरांकडे गेलाय.