कौलांखालची शीट आणि तीन इंचांचा हिशोब

आमच्या कोकणातल्या केळशीच्या घराला चार हिस्सेदार. तिघे मुंबईत. छपराचा खर्च निघाला की तिघांचाही पहिला प्रश्न ठरलेला, "एवढे कसे?" म्हणून यंदा कौलं उतरवून खाली पाणी अडवणारी शीट घालायचं ठरलं तेव्हा सगळा हिशोब आधी वहीत मांडला आणि मगच ग्रुपवर आकडा टाकला.

शीट कशाला, हे गावात कुणी विचारत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांची कौलं जागेवर राहिली त्यांच्याही घरात पाणी आलं, कारण तसला वारा पावसाला पाखीवर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, खालून वर चढवतो. शिवाय वानरं. टोळी छपरावरून गेली की दोन-चार कौलं सरकलीच, आणि भर आषाढात शेवाळलेल्या पाखीवर चढायला माणूस मिळत नाही.

आता मापं. घराचं क्षेत्रफळ म्हणजे छपराचं नव्हे. आमचं छप्पर दुपाखी, आढं, म्हणजे दोन्ही पाख्या जुळतात ती माथ्यावरची रेषा, ४४ फूट लांब. दोन्ही वळचणी (भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडा) धरून जमिनीवरची रुंदी २४, म्हणजे एका बाजूला १२ फूट. आढं वळचणीपेक्षा ७ फूट उंच. १२ चा वर्ग अधिक ७ चा वर्ग म्हणजे १९३, त्याचं वर्गमूळ १४ ला किंचित कमी. दोन पाख्या मिळून १,२३२ चौरस फूट. जमिनीवर मोजाल तर १,०५६ च भरतील. (पायथागोरस शिकवताना गुरुजींनी एकदा शाळेच्या छपराकडे बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.)

शीट घेतोय ती वाफ बाहेर सोडणारी, पाणी अडवणारी. साधा प्लॅस्टिकचा कागद स्वस्त पडतो, पण त्याच्याखाली दमट हवा कोंडते आणि वासे कुजतात. रोल दीड मीटर रुंद, ५० मीटर लांब, म्हणजे ८०७ चौरस फूट. दुकानदाराने लगेच कॅल्क्युलेटर काढला: १,२३२, वर दहा टक्के, झाले १,३५५. दोन रोल घ्या, अडीचशे चौरस फूट उरेल.

पण छपरावर शीट चौरस फुटांनी बसत नाही, पट्ट्यांनी बसते. पट्टी पाच फुटांना इंचभर कमी. वळचणीची आधी, मग तिच्यावर सहा इंच चढवून वरची. अशा तीन पट्ट्यांत १३ फूट ९ इंच होतात. पाखी १४ फूट! त्या तीन इंचांपायी चौथी पट्टी घेतली तर दोन्हीकडच्या आठ पट्ट्यांना ३५२ फूट लागतात, आणि दोन रोलांत आहेत ३२८.

"दादा, आढ्यावर एकच टाका की," मिस्त्री म्हणाले. "दोन्हीकडे अडीच फूट उतरते."

तिसरा रोल तिथेच वाचला. सात पट्ट्या, ३०८ फूट. आढ्यावरची इतकी खाली येतेय म्हटल्यावर बाकीच्या पट्ट्या एकमेकींवर सहा इंचांऐवजी फूटभर चढवता येतात. एका रोलातून तीन सलग पट्ट्या निघून ३२ फूट उरतं. दोन रोलांचे ते दोन तुकडे फूटभर एकावर एक घेतले की आढ्याची पट्टी होते आणि १९ फूट शिल्लक राहतं.

रोल ६,००० ला धरला तर दुकानात चौरस फुटाला साडेसात रुपये दिसतात. छपरावर पसरल्यावर मात्र १२,००० भागिले १,२३२, म्हणजे पावणेदहा. ग्रुपवर पावणेदहाचाच आकडा टाकावा. जीएसटी आत की वर, तेही दुकानातच विचारून घ्यावं.

खरा खर्च पुढे आहे. वाशांवर शीट आणि तिच्यावर थेट आडव्या रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) मारल्या तर कौलांतून झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेमागे अडतं. म्हणून शीटवर, वाशाच्या रेषेत, आधी उभ्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि रिपा त्यांच्यावर. दोन फुटांवर वासा धरला तर एका पाखीला २३, दोन्हीकडे ४६, प्रत्येकी १४ फूट: ६४४ फूट पट्टी. फुटाला १५ रुपये धरले तरी साडेनऊ हजारांच्या वर. शीटच्या कोटेशनमध्ये ही ओळ नसतेच! खिळे गॅल्व्हनाइज्डच घ्यायचे, खाऱ्या हवेत साधे टिकत नाहीत.

कौलं जुनीच चढतील, पण उतरवताना काही फुटणारच. चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे आमच्याकडे १,७०० च्या आसपास. नवी आणायला जाताना जुनं एक कौल पिशवीत टाकून न्यावं, कारण दुसऱ्या कारखान्याची खाच याच्या खाचेत बसेलच असं नाही.

राहिलं माजघरावरचं काचेचं कौल. त्याच्याखाली शीट आली की माजघर अंधारं. तिथे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा तुकडा बसवून त्याची वरची कड शीटखाली आणि खालची कड शीटवर घ्यायची, असं ठरलंय. आणि स्वयंपाकघरात काकूची चूल अजून पेटते. तिचा धूर इतकी वर्षं कौलांच्या फटींतून जायचा. आता धुराडं बसवावं लागणार. त्याचा आकडा अजून ग्रुपवर टाकलेला नाही.