बेल्जियमचं वय बचावात दिसलं

२०१८ला रशियातल्या फुटबॉल विश्वचषकात तिसरा आलेला हा संघ २०२२ला कतारमध्ये गटातच गारद झाला. तीन सामन्यांत गोल एकच, बात्शुआयीचा, कॅनडाविरुद्ध. जीव तुटतो! दुखणं मागे होतं. सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यावरचे दोघे: व्हर्टोंगन ३५ वर्षांचा, आल्डरवायरेल्ड ३३. पाठीमागे जागा सोडली तर वेगवान फॉरवर्ड निसटणार, म्हणून दोघे आपल्या बॉक्सकडे, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाकडे सरकून उभे राहायचे. पुढचे मात्र प्रेसिंगला, म्हणजे चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकायला, वर जायचे. मधली पोकळी ३३ वर्षांच्या मिडफिल्डर विट्सेलने किती भरायची? रशियाहून परतल्यावरच तरुण सेंटर बॅक घडवायला घ्यायला हवे होते. मोरोक्कोविरुद्ध ७३व्या मिनिटाला त्यांच्या साबिरीची फ्रीकिक थेट जाळ्यात गेली. क्रोएशियाविरुद्ध आपला स्ट्रायकर लुकाकूने गोलसमोरच्या संधी घालवल्या, पण तो दुखापतीतून नुकताच सावरत होता. त्याच्यावर खापर फोडणं मला अजिबात पटत नाही.