वाळू धुण्याचा दिवस

कंबोडियातील आमच्या दहा दिवसांच्या सेवा-अध्ययन दौऱ्यातला सहावा दिवस मी मुद्दाम सविस्तर लिहून ठेवते आहे. त्या दिवशी सकाळभर खपून आम्ही जे काम केले, ते दुपारी आमच्याच हातांनी उपसून पुन्हा करावे लागले, आणि या दौऱ्याच्या नावात ‘सेवा’ या शब्दाला लागून ‘अध्ययन’ हा शब्द का आहे, ते मला त्या उपसण्यात समजले.

सकाळी साडेसहाला आम्ही चौदा विद्यार्थी सिएम रीप शहरातून पश्चिमेकडे निघालो. अंगकोर वाटचा सूर्योदय पाहायला गेलेल्या पर्यटकांच्या रिक्षा त्या वेळी शहराकडे परतत होत्या. आमच्या मार्गदर्शकांनी गाडी पश्चिम बारायच्या बांधापाशी थांबवली. अकराव्या शतकातला हा जलाशय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून थोडा अधिक रुंद आहे. तो मुख्यतः खोदून केलेला नाही. सपाट जमिनीवर चारही बाजूंनी मातीचे प्रचंड बांध घालून पाणी अडवले आहे. मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असल्यामुळे मंदिरांच्या शिखरांपेक्षा त्या मातीच्या बांधाकडे जास्त वेळ पाहत राहिले. जवळजवळ एक हजार वर्षे उलटली, तरी त्यात अजून पाणी साठते.

तेथून पुढे तासाभराच्या अंतरावर आमचे गाव होते. त्या भागात साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. त्या महिन्यांत छपराचे पाणी पन्हाळीने अंगणातल्या मोठमोठ्या सिमेंटच्या रांजणांत उतरवून घेतात आणि ते संपले की तळ्यावर किंवा उथळ विहिरीवर जावे लागते. आम्ही गेलो तो जानेवारी महिना होता. रांजणांचे तळ दिसू लागले होते आणि तळ्यात एका काठाला म्हशी, तर दुसऱ्या काठाला बादल्या असे चित्र होते. अशा पाण्यासाठी तेथील एक स्थानिक संस्था घरोघरी वाळूच्या गाळण्या बसवते, आणि त्या दिवशी आम्हाला तिच्या हाताखाली काम करायचे होते.

वाळूतून संथपणे पाणी गाळण्याची पद्धत शहरांच्या पाणीपुरवठ्यात एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. तीच पद्धत एका घरापुरती लहान करून, आणि पाणी सतत न वाहता दिवसातून काही वेळाच ओतले जाईल हे गृहीत धरून, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे डेव्हिड मँझ यांनी १९९० च्या दशकात ही गाळणी विकसित केली. सुमारे कमरेएवढी उंच काँक्रीटची पेटी, तिच्या तळाशी ६ ते १२ मिलिमीटरची खडी, तिच्यावर बारीक कच आणि त्यावर ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेल्या वाळूचा जाड थर, एवढाच तिचा संसार. वीज नाही, फिरणारा एकही भाग नाही. खरे काम मात्र वाळूच्या अगदी वरच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये चालते. तेथे सूक्ष्मजीवांचा एक थर हळूहळू तयार होतो आणि पाण्यातले रोगजंतू त्या थरात खाल्ले जातात. तो जगावा म्हणून वाळूवर सदैव सुमारे पाच सेंटीमीटर पाणी उभे राहील, अशा उंचीवर बाहेर येणाऱ्या नळीचे तोंड ठेवलेले असते. थर पूर्ण तयार व्हायला महिनाभर लागू शकतो. म्हणजे आम्ही बसवलेली गाळणी पूर्ण ताकदीने काम करू लागेल, तेव्हा आम्ही तेथे नसणार, हे पहिल्याच तासात स्पष्ट झाले.

आमच्या वाट्याला वाळू धुण्याचे काम आले. ऐकायला हे काम क्षुल्लक वाटते. नदीच्या वाळूत सेंद्रिय घाण असू शकते, म्हणून दगड फोडून केलेली वाळू आणलेली होती. ती चाळून घमेल्यात घ्यायची, वर चार बोटे पाणी घालायचे, हाताने गोल ढवळायचे आणि गढूळ पाणी ओतून द्यायचे. मग बरणीची परीक्षा. काचेच्या बरणीत थोडी वाळू आणि पाणी घालून झाकण लावायचे, बरणी गरगर फिरवून ठेवायची आणि तीन-चार सेकंदांनी पाण्यातून वाळूचा पृष्ठभाग दिसतो का, ते पाहायचे. तो जेमतेम दिसला पाहिजे. पाणी थोडे धुरकट असलेले चालते, नव्हे, तसे असायलाच हवे.

ही शेवटची सूचना आम्हाला दिली गेली होती, आमच्या वह्यांत लिहिलेलीही होती, आणि तरीही आम्ही ती पाळली नाही. स्वच्छ पाण्यासाठीची वाळू जितकी स्वच्छ तितकी चांगली, असे हातांनीच ठरवून टाकले. दोन गट एकमेकांशी चढाओढ करत होते. अकरा वाजेपर्यंत आमच्या बरणीतले पाणी इतके नितळ झाले होते, की मी तिचे छायाचित्रही काढले.

गाळणी एका आजींच्या घरी बसवायची होती. घर लाकडी खांबांवर उभे होते आणि खालच्या सावलीत, गुरांपासून दूर, काँक्रीटची पेटी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. ख्मेर भाषेत आजीला ‘याय’ म्हणतात. आम्हीही त्यांना यायच म्हणत होतो. त्या चौकड्यांचा क्रमा, म्हणजे तिकडचा पंचा, डोक्याला गुंडाळून एका बाजेवर बसून आमचे काम पाहत होत्या. त्यांचे वय पाहता १९७५ ते १९७९ ही ख्मेर रूज या साम्यवादी गटाच्या नरसंहारी राजवटीची वर्षे त्यांच्या ऐन तारुण्यात आली असणार. त्याविषयी कोणालाही आपण होऊन विचारायचे नाही, असे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते, आणि ते योग्यच होते. त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला नाव मात्र विचारले.

पेटीत आधी पाणी भरायचे आणि त्या पाण्यात वाळू सोडायची, म्हणजे आत हवेचे कप्पे राहत नाहीत. हे आम्ही नीट केले. मग संस्थेच्या तंत्रज्ञ ताईंनी पेटी वरपर्यंत भरली, नळीखाली एक लिटरचे भांडे धरले आणि घड्याळ लावले. एक लिटर भरायला किमान अडीच मिनिटे लागायला हवीत. भांडे एक मिनिट पस्तीस सेकंदांत भरले. त्यांनी पुन्हा मोजले, तेवढाच वेळ. त्यांनी मूठभर ओली वाळू तळहातावर पसरली, बोटाने चोळली आणि आमच्या दुभाषी मैत्रिणीकडे पाहून काहीतरी शांतपणे सांगितले. अनुवाद एका वाक्याचा होता : “बारीक कण वाहून गेले आहेत.” ते कणच पाण्याचा वेग रोखतात. वेग जास्त असला, तर जंतूंना थरात अडकायला वेळच मिळत नाही.

आम्ही गप्प झालो. ताई मात्र रागावल्या नाहीत. बाही सरसावून पहिले घमेले त्यांनीच उपसले. पुढचे दोन तास आम्ही वाळू काढली, नवी वाळू घेतली, आणि या वेळी प्रत्येक घमेल्याची बरणी त्यांना दाखवल्याशिवाय पुढे गेलो नाही. दुसऱ्या वेळी भांडे भरायला दोन मिनिटे चौतीस सेकंद लागले.

मग याय उठल्या. गाळणी घेणाऱ्या प्रत्येक घराला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते आणि खर्चाचा थोडा वाटाही उचलावा लागतो. त्या ते प्रशिक्षण पूर्ण करून बसल्या होत्या. त्यांनी बोटे मोजत आम्हालाच नियम सांगितले : तळ्याची बादली वेगळी, गाळलेल्या पाण्याचे भांडे वेगळे, दोन ओतण्यांत निदान एक तासाचे अंतर, पण दोन दिवसांहून अधिक नाही, वेग फार मंदावला की वरची वाळू हलकेच ढवळून गढूळ पाणी काढायचे, आणि पहिला महिना पाणी उकळूनच प्यायचे. एकही नियम सुटला नाही. सूचना लिहून घेऊनही विसरलेले आम्ही खाली मान घालून ऐकत होतो.

संध्याकाळच्या चर्चेत एकाने सरळ विचारले, की आमच्या विमानभाड्याच्या पैशांत कितीतरी गाळण्या बसल्या असत्या, मग आपण येथे का आलो? मार्गदर्शकांनी प्रश्न टाळला नाही. हिशेब तसाच आहे, असे ते म्हणाले. माझे मतही आता तेच आहे. त्या ताईंना आमच्या श्रमांची गरज नव्हती, उलट आमच्यामुळे त्यांचा अर्धा दिवस खर्ची पडला. अशा दौऱ्यात देणारे आपण आणि घेणारे ते, असे समजून गेलो, तर नुकसान त्यांचे होते.

आमच्या दुभाषी मैत्रिणीने त्यावर कंडाल प्रांताची गोष्ट सांगितली, आणि मला वाटते ती अशा दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. मेकाँग आणि बासाक नद्यांच्या काठच्या गावांत लोक तळ्याचे दूषित पाणी पीत होते, म्हणून सद्‌हेतूने कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ होते, त्यात जंतू नव्हते, जुलाब थांबले. पुढे त्यांतील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले, तोवर लोक ते पाणी कित्येक वर्षे प्यायले होते. आमची वाळूची गाळणीही आर्सेनिक काढू शकत नाही, म्हणूनच ती बसवण्याआधी पाण्याचा स्रोत तपासावा लागतो. मदतीला निघालेला माणूस किती कळवळ्याने आला, यावरून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही. मला सकाळची ती नितळ बरणी आठवली आणि तिचे छायाचित्र मी पुन्हा उघडून पाहिले. अजूनही ते पुसलेले नाही.

दौरा संपवून मी परत आले, परीक्षा सुरू झाल्या. वहीत मी एक तारीख चौकटीत लिहून ठेवली होती, गाळणी बसवल्यापासून तिसावा दिवस. त्यानंतर दोन दिवसांनी दुभाषी मैत्रिणीचा संदेश आला. तंत्रज्ञ ताई नेहमीच्या पाहणीसाठी यायच्या घरी जाऊन आल्या होत्या. सोबत नळीखाली धरलेल्या भांड्याचे एक छायाचित्र होते आणि खाली एवढेच लिहिले होते : एक लिटर, दोन मिनिटे बावन्न सेकंद.