कोनी आयलंड: आईला घेऊन जाणार असाल तर पांढराच डबा मागा

कोनी आयलंड म्हणजे न्यूयॉर्कमधलं समुद्रकाठचं पाळण्या-कोस्टरचं ठिकाण. आधी हे ऐका: गाडी नेऊ नका. आई सोबत होती, न्यू जर्सीतल्या एडिसनहून तीन ठिकाणी बदलत जाण्यापेक्षा कार बरी असं वाटलं. सर्फ अव्हेन्यूजवळ एका मोकळ्या प्लॉटवर २० डॉलरची पाटी बघून आत शिरलो. मागे आणखी तीन गाड्या लागल्या आणि मग तिथला पोरगा म्हणाला, आज शनिवार, ४५. मी पाटीकडे बोट दाखवलं, तर त्याने शांतपणे पाटी उलटी केली. मागच्या बाजूला खरंच ४५ लिहिलेलं! मागे फिरायला जागा नव्हती, दिले. तुम्ही मॅनहॅटनहून डी, एफ, एन, क्यू यांतली कुठलीही सबवे पकडा. तासाभराने स्टिलवेल अव्हेन्यू येतं, तेच शेवटचं स्टेशन, त्यामुळे डुलकी लागली तरी चालतंय.

मी गेलो होतो ते ‘ॲनी हॉल’पायी. १९७७च्या त्या सिनेमात नायक रोलर कोस्टरखालच्या घरात वाढतो, कोस्टर धावला की घर हादरतं. असं घर इथे खरोखर होतं, थंडरबोल्ट नावाच्या कोस्टरखाली. नावाची पाटी दिसली, नारिंगी रूळ दिसले, म्हणून अर्धा तास घर शोधत हिंडलो. हा थंडरबोल्ट २०१४चा. जुना २०००मध्येच पाडला. लुना पार्कचंही तेच. मूळचा १९०३चा, विजेच्या दिव्यांनी एवढा गाजला की इटलीत आणि तुर्कस्तानात अशा करमणुकीच्या मैदानाला आजही लुनापार्कच म्हणतात. मेलबर्न आणि सिडनीनेही नाव उचललं. समोर दिसतो तो २०१०चा. सिनेमे डोक्यात घेऊन याल तर अर्धं ठिकाण सापडणारच नाही. ‘द वॉरियर्स’ हा सिनेमा बघून येणाऱ्यांना मात्र स्टेशन, किनारा आणि वंडर व्हील तिन्ही मिळतील.

आता वंडर व्हील. १९२०चं, १५० फूट उंच. मी आईला म्हटलं, आपल्या जत्रेतला आकाशपाळणाच आहे, चल. चूक झाली. चोवीस डब्यांपैकी पांढरे आठ जागेवर असतात, उरलेले सोळा लाल-निळे. ते आतल्या वाकड्या रुळांवर घसरतात. दोन रांगा वेगळ्या असतात आणि आम्ही लहान रांग बघून उभे राहिलो. वर पोचेपर्यंत समुद्र छान दिसतो. मग डबा अचानक सुटतो, सरळ पोकळीकडे, आणि टोकाला जाऊन हिंदकळतो. आईने माझं मनगट असं धरलं की घड्याळाच्या पट्ट्याचे वळ उठले. “मेल्या, ह्याच्यापेक्षा आंगणेवाडीचा पाळणा बरा. तो फिरतो तरी गोल!” खाली उतरल्यावर ती दहा मिनिटं बाकावर बसून होती. तर पांढरा डबा. आणि लुना पार्कचा तिकिटाचा मनगटी पट्टा इथे चालत नाही, मालक वेगळे आहेत.

सायक्लोन हा रोलर कोस्टर मात्र चुकवू नका. १९२७चा, लाकडी रुळांचा, पहिलीच उडी ८५ फुटांची. हाडं खिळखिळी होतात, पण मी दोनदा बसलो. पहिल्यांदा सगळ्यात मागे बसलो: पुढचे डबे उतारावर ओढतात आणि तुम्ही सीटवरून उचलले जाता. पाठ अजून बोलतेय. दुसऱ्यांदा मध्ये बसलो, ते सोसवलं. चष्मा खिशात, खिशाला चेन हवी. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर खाली उभं राहून लाकडाची करकर ऐका, तेवढ्यानेही पोटात गोळा येतो.

नेथन्स या खाण्याच्या दुकानाची ख्याती १९१६पासूनच्या पाच सेंटच्या हॉट डॉगवर उभी आहे. पाच सेंट विसरा. आत गोमांस असतं, खात नसाल तर बटाटे घ्या. आईने तेच खाल्ले, मीठ जास्त म्हणाली.

किनारा, लाकडी फळ्यांचा रस्ता, वारा, सगळं ठीक. संध्याकाळ बरी गेली.

रात्री गाडी काढायला गेलो तेव्हा पाटी पुन्हा २० वर होती.